कवळीवाल्याची कावीळ

कोणी बोलायला लागलं की कवळीवाला त्याच्या डोळ्यांकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. समोरचा पोटतिडकीने काहीतरी सांगत असायचा आणि हा मनात म्हणायचा, डाव्या दाढा गेल्यात, म्हणून स्वारी उजव्या अंगाने हसते. उभा जन्म त्याने दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे ओतण्यात घालवला होता. शहरातले दंतवैद्य रोग्याच्या हिरड्यांचं माप घ्यायचे आणि ते गुलाबी माप पिशवीत घालून त्याच्याकडे धाडायचे. तो त्यात प्लास्टर ओतायचा, वर मेणाचा घाट चढवायचा, एकेक दात बसवायचा आणि शेवटी चाकावर घासून कवळी अशी चकचकीत करायचा, की मूळच्या दातांनीही लाजावं. खोलीभर प्लास्टरची भुकटी. फळीवर जबडेच जबडे. त्यात एक बँकेचा मॅनेजर होता, एक नावाजलेला वकील होता, एक एके काळची सुंदरीही होती. दातांवाचून तिघेही एकमेकांची भावंडं वाटत.

त्यामुळे मनुष्यजातीबद्दल त्याचं मत बरं नव्हतं. दंतवैद्यांना तो हमाल म्हणे. गिऱ्हाइकांना बोळकी म्हणे. शेजारच्या औषधाच्या दुकानदाराला तो अंगारेवाला म्हणायचा, आणि तेही त्याच्या तोंडावर.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी लग्न करून परदेशात होती. वर राहायचे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. कवळीवाला झोपायचा खाली, दुकानामागच्या खोलीत, आणि दोन्ही वेळचं जेवायला वर जायचा. भाऊ शाळेतून निवृत्त झालेला हेडमास्तर. निवृत्त फक्त कागदोपत्री झाला होता. आरोग्य हा त्याचा आवडता विषय. बेसिनजवळ हात कसे धुवावेत याचा तक्ता लावलेला, तोही त्याच्या वळणदार अक्षरात. जेवताना घास किती चावावा, पाणी कधी प्यावं, कोणत्या कुशीवर झोपावं, यावर रोज प्रवचन. त्याची बायको नगरपालिकेच्या वाचनालयात पुस्तकं द्यायच्या टेबलावर नोकरी करून घरी बसलेली. तिला कवळीवाला धाकटी म्हणायचा. नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायला ठेवलेली बाई, असं तिच्याबद्दल त्याचं मत होतं, आणि ते बदलावं असं तिने इतक्या वर्षांत काही केलंही नव्हतं.

अशात मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला बाबांनी यावं, चांगलं दोन-तीन महिने राहावं, असा तिचा हट्ट. वर एक अट. निघण्याआधी काविळीच्या लसी घ्यायच्या, दोन्ही प्रकारच्या, पाण्यातून होते तिची आणि रक्तातून होते तिची.

कवळीवाल्याने हसून घेतलं. अख्ख्या शहराच्या थुंकीत हात घालून म्हातारा झालो, म्हणाला, मला कसली कावीळ होते. खरं म्हणजे या धंद्यात शिरतानाच ती लस घ्यायला हवी होती. एका दंतवैद्याने एकदा सुचवलंही होतं. त्याला त्याने सांगितलं होतं की आधी तुम्ही मापं धुऊन पाठवायला शिका. रबरी हातमोजेही तो कधी घालायचा नाही. मेण बोटाला कळलं पाहिजे, हे त्याचं पालुपद. चाकावर बोट सोललं तर पाण्याखाली धरायचं आणि पुढचं काम उचलायचं.

"लस घेतल्याशिवाय मी तिकीट काढत नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "आणि तू माझ्याशी भांडूही नकोस. मला आता भांडण झेपत नाही."

तिच्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. जगात तेवढं एकच तोंड असं होतं, की ज्यात त्याने कधी खोट काढली नव्हती.

परदेशी जाणाऱ्यांना लसी टोचायचा दवाखाना एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला होता. बाकांवर माणसं बसलेली, समोर भिंतीवर जगाचा नकाशा. कवळीवाल्याने सवयीने सगळ्यांची तोंडं बघून घेतली. एक जोडपं सहलीला निघालेलं. नवरा कुठल्या देशात काय स्वस्त मिळतं ते बायकोला मोठ्याने सांगत होता, म्हणजे बाकीच्यांनाही ऐकू जावं. एक तरुण शिकायला निघाला होता आणि त्याच्या आईचा चेहरा असा, जणू तोच जग शोधायला जाणारा पहिला. यांच्याहून आपले प्लास्टरचे जबडे बरे, निदान गप्प तरी बसतात, असं त्याला वाटलं.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी धंदा विचारला, ऐकून त्याच्या बोटांकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या की आधी रक्त तपासू, मग लसीचं बघू. त्याने विचारलं, लस टोचायची सोडून रक्त कशाला काढता. त्या म्हणाल्या, चोर आधीच घरात असेल तर बाहेरून कुलूप लावून काय उपयोग. हे उत्तर त्याला आवडलं. हमालांच्या जातीत एखादा हुशार निघतो, असं मनाशी म्हणत त्याने हात पुढे केला.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी बोलावून घेतलं आणि दार लोटून घेऊन सरळ सांगितलं. रक्ताने होणाऱ्या काविळीचा विषाणू त्याच्या अंगात होता. आजचा नव्हता, पुष्कळ जुना होता. त्याने कधी त्रास दिला नव्हता, लिव्हर सध्या ठीक होतं, पण तो जाणारही नव्हता. दर काही महिन्यांनी तपासणी करत राहायचं. गरज पडलीच तर गोळ्या आहेत.

कवळीवाल्याने मनातल्या मनात फळीवरचे जबडे एकेक करून चाळले. मग त्याने विचारलं, हे कोणाच्या तोंडातून आलं असेल.

"तोंडातूनच आलं असेल असं नाही," बाई म्हणाल्या. "कामातून आलं असेल. पण इतकं जुनं असलं की बऱ्याचदा ते जन्मताना आईकडून आलेलं असतं. भावंडं आहेत?"

"एक भाऊ आहे. पण तो हात धुतो."

बाई हसल्या नाहीत. भावाला पाठवा म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांनाच पाठवा. आणि एकत्र जेवण्याने, पेल्याने, शिंकण्याने, गळ्यात पडण्याने हे पसरत नाही, तेवढं घरी नीट सांगा. दाढीचं सामान वेगळं ठेवा, जखम झाकून ठेवा, आणि यापुढे मोजे घालून काम करा. रक्ताच्या काविळीची लस आता त्याच्या काही कामाची नव्हती. पण पाण्याच्या काविळीची त्यांनी तिथल्या तिथे टोचली. एक पाहुणा बसलेल्या लिव्हरला दुसरा परवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

दंड चोळत तो घरी आला. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. जेवायच्या टेबलावर त्याने डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं आणि ताट पुढे ओढलं.

हेडमास्तरांचा घास हातातच राहिला. चावणं थांबलं. मग त्यांनी घसा साफ केला, आणि घसा साफ केला म्हणजे भाषण. ते दादाच्या भल्याचंच बोलत होते. परक्यांच्या उष्ट्या तोंडांशी जन्मभर खेळल्यावर दुसरं काय होणार, हे ते कधीपासून सांगत होते. डॉक्टरीणबाईंचा शब्द खरा असेलही, पण काळजी घ्यायला काय जातं. दुसऱ्या दिवशी दादाचं ताट, पेला आणि चहाचा कप वेगळ्या कोनाड्यात गेले. टॉवेल वेगळ्या खिळ्यावर गेला. कपाच्या कानाला हेडमास्तरांनी स्वतःच्या हाताने लाल दोरा गुंडाळला, आणि बेसिनजवळच्या तक्त्यात एक ओळ वाढली. धाकटीने हूं की चूं केलं नाही. सांगितलं तसं करत राहिली, फक्त ताट वाढताना भाऊजींकडे बघायची नाही.

"दोराच का? घंटा बांध गळ्यात," कवळीवाला म्हणाला. "मी जिना चढतोय हे तरी कळेल."

त्या दिवसापासून त्याने वर जेवणं सोडलं. दुकानामागे शेगडी होती, तिच्यावर काहीतरी रटरटवून खाऊ लागला.

बातमी खाली उतरायला वेळ लागला नाही. हेडमास्तर ती कोणाला सांगत नव्हते. ते फक्त सगळ्यांना सावध करत होते. आठवड्याभरातच सगळ्यात मोठ्या दंतवैद्याचा फोन आला. आवाजात मध ओतलेला. सध्या काम जरा कमी आहे, तुम्हीही आता विश्रांती घ्या, बघू पुढे. आजवर याच माणसाची मापं रक्ताळलेली, लाळेने बरबटलेली, न धुता पिशवीत कोंबलेली यायची. ती धुवायचा कवळीवाला. त्याच्या अंगात विषाणू त्या पिशव्यांतूनच शिरला नव्हता, हे तरी कोण छातीठोक सांगणार. आणि आता हा गृहस्थ त्याला भीत होता.

"डॉक्टर," कवळीवाला म्हणाला, "तुमची शेवटची पिशवी अजून माझ्या टेबलावर आहे. तुमच्या पेशंटच्या हिरडीचा तुकडा आहे तिच्यात. परत पाठवू की टाकून देऊ?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

तो चिडला होता, पण आत खोलवर त्याला भीती दुसरीच होती. मुलीला सांगायचं होतं. भावाने कप वेगळा केला तर कवळीवाला त्याला मनातून जबड्यांच्या फळीवर ठेवून मोकळा होऊ शकत होता. मुलीचं तसं नव्हतं. ती म्हणाली असती, की बाबा, बाळ लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, तर तिला कुठल्या फळीवर ठेवायचं. फोन हातात घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला. शेवटी एकदाचं बोलला.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, लिव्हर कसंय. ठीक आहे, तो म्हणाला. मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. तिची तपासणी झालीच होती, गरोदरपणी सगळ्यांचीच होते, आणि तिच्या रक्तात काही नव्हतं. बाळाला तर जन्मल्या जन्मल्या लस मिळणारच होती.

"तू फक्त तुझा वस्तरा तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "बाळाला अजून दाढी यायची आहे."

कवळीवाला खूप दिवसांनी हसला. मग चाक सुरू करून बसला. घासायला काही नव्हतं, तरीही.

वर मात्र वेगळंच चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना बोलावलंय, ही गोष्ट हेडमास्तर रोज पुढे ढकलत होते. मला गरज नाही, माझी राहणी स्वच्छ आहे, हे एक कारण. गर्दीच्या दवाखान्यातच रोग जडतात, हे दुसरं. खरं कारण कवळीवाल्याला लहानपणापासून माहीत होतं. शाळेत टोचणारे आले, की हा पठ्ठ्या संडासात जाऊन बसायचा. पुढे हेडमास्तर झाल्यावर टोचून घेणाऱ्या मुलांच्या रांगेपुढे उभं राहून धैर्यावर बोलायचा, आणि स्वतःची पाळी यायच्या आत त्याला ऑफिसात काम निघायचं.

शेवटी धाकटी एकटीच गेली, नवऱ्याने तिला पाठवलं म्हणून. घरात रोगी आहे तर तू टोचून घे, सैपाक तुझ्या हातचा असतो, असं त्याचं म्हणणं. आधी रक्त, मग लस, हा नियम तिलाही लागला. ती निकाल घेऊन आली ती थेट वर गेली नाही. दुकानात डोकावली आणि भाऊजींना म्हणाली, जरा वर या. आवाज असा, की कवळीवाला हात पुसून तिच्यामागे जिना चढला.

हेडमास्तर वर्तमानपत्र वाचत होते. धाकटी समोर उभी राहिली आणि उभ्यानेच बोलली.

"मला लस नको म्हणाल्या. मला ती कावीळ होऊन गेलीये. कधी झाली, कधी बरी झाली, मलाही कळलं नाही. शरीराने आपलं आपणच निस्तरलं म्हणे."

हेडमास्तर दादाकडे बघत म्हणाले की बघ, शेवटी घरात पसरवलंसच.

"त्यांनी नाही," धाकटी म्हणाली. "मी विचारलं बाईंना. ताटवाटीने होत नाही ती. नवऱ्याकडून होते. उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर येताय."

वाचनालयात कोणी पुस्तक फाडून परत आणलं, तर ती असंच हळू आवाजात बोलायची म्हणे. कवळीवाल्याने ते रूप कधी बघितलं नव्हतं. त्याने पहिल्यांदाच तिच्या तोंडाऐवजी डोळ्यांत बघितलं, आणि तिने नजर चुकवली नाही.

हेडमास्तर गेले. सुई लागायच्या आधीच त्यांना घेरी आली. नर्सने पाय वर करून झोपवलं आणि झोपल्या झोपल्याच रक्त काढून घेतलं. हे धाकटीने खाली येऊन कवळीवाल्याला सविस्तर सांगितलं. सांगताना ती हसली नाही, पण एकही तपशील गाळलाही नाही.

निकाल तोच होता. दादाच्या अंगात होता तोच विषाणू, तितकाच जुना. हेडमास्तरांनी कधी कोणाच्या तोंडात हात घातला नव्हता, सुईचं तर नावच सोडा. उरली ती एकच वाट, दोघा भावांची सामाईक.

ते दुपारी दुकानात आले आणि स्टुलावर बसले. एरवी ते स्टुलावर आधी रुमाल अंथरायचे. आज भुकटीवरच बसले.

कवळीवाल्याला ठाऊक होतं की आपण काय बोलणार आहोत. ते बोलल्याशिवाय तो राहूच शकला नसता.

"चहा करतो. तुझा दोरा आणलायस ना?"

हेडमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कवळीवाल्याला बरं वाटलं. खोटं कशाला, चांगलंच बरं वाटलं. चहा उकळेपर्यंत पुरलं. मग हेडमास्तर म्हणाले, "दादा, म्हणजे आई..."

आई गेली तेव्हा अंग पिवळंधमक होतं आणि पोट पाण्याने फुगलं होतं. ती वेळेवर जेवायची नाही, चहावर दिवस काढायची, म्हणून लिव्हर गेलं, असं वडील सांगत आणि मग सगळेच तसं सांगत. हेडमास्तर तर वर्षानुवर्षं शाळेत तिचा दाखला द्यायचे. मुलांनो, आहाराकडे दुर्लक्ष केल्याने माझी आई आम्हाला सोडून गेली. शेकडो पोरांसमोर, माइकवरून. आणि आहाराकडे दुर्लक्ष तिने केलं होतं ते या दोघांची पोटं भरावीत म्हणून.

"तुझी भाषणं मी ऐकलीत," कवळीवाला म्हणाला. "मीही मान डोलवायचो." भावाला आणखी टोचायला त्याच्याकडे पुष्कळ काही होतं. पण त्यासाठी आईला मध्ये आणावं लागलं असतं, आणि तिला आधीच बरंच वापरून झालं होतं. त्याने चहा ओतला आणि कप पुढे सरकवला.

हेडमास्तरांच्या लिव्हरवर डाग पडायला लागले होते. वेळेत कळलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या; आणखी काही वर्षं असंच गेलं असतं तर आईच्याच वाटेने गेले असते. त्यांना रोजची गोळी सुरू झाली. पहिल्या तपासण्यांना कवळीवालाच त्यांना घेऊन जायचा, कारण घेरी आली तर उचलणारं कोणी हवं. वाटेत दोघांत फारसं बोलणं व्हायचं नाही. धाकटीने कोनाडा रिकामा केला आणि भांडी पुन्हा एकत्र मांडली. तक्त्यातली ती ओळ तिने पुसली नाही. तक्ताच काढून टाकला.

मोठ्या दंतवैद्याने पुन्हा काम पाठवायला सुरुवात केली, कारण दुसऱ्याकडच्या कवळ्या लोकांच्या तोंडातून पडू लागल्या होत्या. कवळीवाल्याने निरोप धाडला की धुतलेलं माप असेल तरच दार उघडेल. आता तो मोजे घालून काम करतो. मेण बोटाला कळत नाही, अशी कुरकुर करत करत घालतो.

मग तो मुलीकडे गेला. नातू झाला, रंगाने लालबुंद, आवाज सभागृह भरून उरेल असा. कवळीवाल्याने त्याला मांडीवर घेतलं ते पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर, दोन्ही हातांच्या नखांभोवती पट्ट्या चिकटवून. मुलगी त्या पट्ट्यांना हसली, पण काढ म्हणाली नाही.

तिथे एका सुट्टीच्या सकाळी धाकटीचा फोन आला. हेडमास्तर आता व्याख्यानं देत होते. परदेशी जाणाऱ्यांनीच नव्हे तर सगळ्यांनीच रक्त तपासून लस कशी घ्यावी, यावर. शाळांत, निवृत्तांच्या मंडळात, बोलावतील तिथे आणि न बोलावतील तिथेही. सुईची भीती आपण मनोनिग्रहाने कशी जिंकली, हा त्यातला मुख्य भाग. रोग्याला वेगळी भांडी देणारे लोक किती अडाणी असतात, यावरही ते कडाडून बोलतात, आणि त्याला टाळ्या पडतात.

"लोक रांगा लावतायत टोचायला, भाऊजी," धाकटी म्हणाली. "उपयोग होतोय, ते नाकारता येत नाही."

मग फोन हेडमास्तरांनी घेतला आणि त्यांनी कालचं भाषण पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कवळीवाल्याने फोन टेबलावर उताणा ठेवला. भाऊ तिकडे धैर्यापर्यंत पोहोचला होता. अधूनमधून फोनजवळ वाकून हा "हं" म्हणे, आणि पुन्हा पोराचा लंगोट बदलायला लागे.